कडेवर कोण होतं

रिपोर्ट चांगला आला आणि सिंधुच्या छातीत धस्स झालं. डॉक्टरबाईंनी कागद फिरवून तिच्यापुढं सरकवला, एका आकड्याखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाल्या, "चारशे तीसात एक. अडीचशेच्या आत आला असता तर काळजी होती. हा लो रिस्क आहे." शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, पदराखालच्या, गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून डोळे मिटले. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर सुनेला दिवस गेले होते, त्यांनी डोळे मिटायचे नाहीत तर कुणी मिटायचे. मन्मथ, सिंधुचा नवरा, डाळमिलमध्ये मुकादम. त्यानं लगेच आपल्या हिशेबात बसवून घेतलं. "चारशे तीस पोत्यांत एक पोतं. आमच्या मिलमधी याला चोख माल म्हणतेत." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. हा निकाल नाही, अंदाज आहे, त्या सांगत राहिल्या; बाळाच्या पेशींत एक गुणसूत्र जास्तीचं असण्याची शक्यता किती, एवढंच हा कागद बोलतो; तसं मूल मान धरायला, चालायला, बोलायला उशीर लावतं, काहींच्या काळजाला छिद्र असतं; आणि चारशे तीसात एक म्हणजे शून्य नव्हे. पण ऐकतंय कोण. लो रिस्क एवढे दोन शब्द कानावर पडले आणि त्या दोघांचं पोट भरलं. सिंधु मात्र रेघेच्या वरची ओळ वाचत होती. प्रसूतीच्या वेळी आईचं वय, ३३.३ वर्षे. आपलं वय कुणी इतकं जपून, टिंब देऊन लिहिलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते साफ खोटं होतं.

खोटं म्हणजे तिनं रचलेलं नव्हे. निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून तिची वाडी. तिथं शाळा नव्हती. लातूर जिल्हा झाला, त्यालाही सात वर्षं उलटली, तेव्हा कुठं एक फळा, एक खुर्ची आणि व्यंकटी मास्तर एवढी शाळा वाडीत आली. मास्तरांनी सगळ्या पोरांना मारुतीच्या पारापुढं ओळीत उभं केलं आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितलं. ज्याचा हात कानाला पोचला तो सहा वर्षांचा. नाही पोचला तो घरी. सिंधुची बोटं कान ओलांडून पार जबड्यापर्यंत आली. मास्तर म्हणाले, "तू तर मलाच शिकवशील की गं," आणि बाकीच्यांना जी तारीख लावली तीच तिलाही लावली. एक जून एकोणीसशे त्र्याऐंशी. ओळीतली सतरा पोरं एकाच दिवशी जन्मली. त्या दिवशी ती किती खूश होती! आपल्यालाही एक तारीख मिळाली याचंच अप्रूप. पुढं वर्गात ती सगळ्यांच्या मागं बसायची, कारण पुढं बसली की मागच्यांना फळा दिसत नसे. चौथीत असताना एका सकाळी तिला पोटात कळा आल्या आणि परकर भिजला. शेजारच्या पोरींचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. आपण या पोरींतल्या नाही हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही कुणाला सांगता येण्याजोगं त्यात काही नव्हतं.

लग्नाच्या वेळीसुद्धा कुणी खोटं बोललं नाही, हेच तर वाईट. मन्मथ लातूरच्या नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मलेला, शिक्क्याचा दाखला असलेला, साल ऐंशी. पार्वतम्मांनी त्याच्या आधी उदगीरची एक पोरगी परत पाठवली होती, का तर ती त्याच्या बरोबरीची निघाली. बायको तीन पावसाळे तरी मागं असावी, त्या म्हणायच्या. सिंधुच्या वडिलांनी, अण्णारावांनी, पोह्यांच्या बशीशेजारी शाळा सोडल्याचा दाखला ठेवला आणि ते छताकडं बघत बसले. पार्वतम्मांनी तारीख वाचली, बोटांवर मोजलं, मान हलवली. सिंधु दाराआड उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि तो आत न्यायचा होता. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे. बाविसाव्या वर्षाची म्हणून ती या घरात आली आणि मग दर वर्षी एक-एक वर्ष त्या बाविसातच मिळवत गेली. कधीकधी तिला स्वतःलाही ते खरं वाटायचं. पाळी मागंपुढं व्हायला लागली की डॉक्टर म्हणायचे, अजून वय आहे तुमचं, आणि तिला बरं वाटायचं. खोट्या वयानं आलेला धीरही धीरच असतो, काही वर्षं पुरतो.

मायलेक चपला घालायला बाहेर गेले तेव्हा सिंधु खुर्चीतून उठता उठता थांबली. "डॉक्टरबाई, यात वय कशाला लागतंय?" त्यांनी दुसऱ्या बाईची फाईल उघडली होती. "वयावरच तर उभं आहे हे सगळं. आधी वयाचा आकडा घेतात, मग रक्तातल्या आकड्यांनी तो वरखाली करतात." सिंधुनं विचारलं, "आन एखाद्या बाईचं वय दोन-तीन सालानं इकडंतिकडं झालं तर?" डॉक्टरबाईंनी मान वर केली आणि तिच्याकडं नीट बघितलं. "पस्तिशीपर्यंत थोडाफार फरक पडतो, फार नाही. पुढं मात्र झपाट्यानं पडतो. अडतीस-एकोणचाळिशीत हाच कागद वेगळा वाचावा लागेल." मग जरा थांबून म्हणाल्या, "आधार कार्डावर आहे तेच लिहिलंय ना?" सिंधु म्हणाली, "हाव." ते खरंच होतं. आधारवर तेच होतं. बाहेरून पार्वतम्मा हाक मारत होत्या.

घरी आल्यावर पार्वतम्मांनी देवापुढं साखर ठेवली आणि गल्लीत चार घरी वाटली. त्या उन्हाळ्यात लातुरात साखर मिळत होती, पाणी मिळत नव्हतं. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं, तेही तासभर. रेल्वेनं पाणी आणलंय म्हणून पेपरात फोटो छापून येत होते आणि गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जात होती. पार्वतम्मा स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायच्या आणि सुनेला रोज भरलेली बादली द्यायच्या. "तू दोघांची हायस," म्हणायच्या. सिंधु मोरीत त्या बादलीपुढं बसायची आणि तिच्यानं पहिला तांब्या अंगावर ओतवत नसे. मारझोड करणारी सासू असती तर किती सोपं झालं असतं. ही बाई माझ्यापायी आपल्या अंगाचं पाणी तोडून राहिली आणि मी हिला माझं वयसुद्धा खरं सांगितलेलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. सांगितलं तर काय होईल? नवऱ्यापेक्षा थोरली निघाली म्हणतील, आमची फसवणूक केली म्हणतील. आणि अकरा वर्षं मूल का झालं नाही याचं आयतं उत्तर त्यांच्या हातात पडेल. नाही सांगितलं तर? तर कागद चांगलाच आहे. फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावलाय मन्मथनं. आल्यागेल्याला दाखवतो.

रांगेत उभी राहायची तिला मनाई होती, पण दारातून रांग दिसायची. चारशे तीस म्हणजे किती, हे तिला त्या रांगेवरून कळायला लागलं. चारशे तीस बायका उभ्या आहेत. टँकर सगळ्यांना पुरेल, एकीला पुरणार नाही. ती एक कुठं उभी आहे ते कुणालाच माहीत नाही, टँकरवाल्यालाही नाही. आता तिचं खरं वय कुणी लिहिलं की ही रांग आखूड होणार. बायका घरी जातील, तीनशे उरतील, दोनशे उरतील, शंभर उरतील. ती एक बाई मात्र रांगेतच राहील. आणि गंमत अशी, की कागदावर काहीही लिहा, पोटातलं जे आहे ते आहेच. ते कधीचं ठरून गेलंय, डिसेंबरातच. वय खरं सांगितल्यानं बाळ बदलणार नाही आणि खोटं राहिल्यानंही बदलणार नाही. मग जीव कशाला टांगणीला लागलाय? दुपारी पाठीवर पडलं की बाळ अगदी बारीक, पापणी लवल्यासारखं, हलायचं. तिला वाटायचं, हे मला विचारतंय, तुझं वय किती. आणि मला ठाऊक नाही रे बाबा, खरंच नाही ठाऊक.

कारण हेही एक होतंच. कागदावरचं वय चुकीचं एवढं तिला माहीत होतं, पण बरोबर कोणतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या आईचं, शांतम्मांचं, सगळं कॅलेंडर दोन खिळ्यांना टांगलेलं: मोठा दुष्काळ आणि जिल्हा. दुष्काळात लग्न झालं, जिल्हा झाला तवा विहिरीला पाणी लागलं, जिल्हा झाल्यावर दोन सालांनी थोरला बैल मेला. आणि सिंधुबद्दल त्या एकच वाक्य बोलत आल्या होत्या: "जिल्हा झाला तवा तू माझ्या कडेवर व्हतीस." लहानपणापासून ऐकलेलं. चावडीपुढं मांडव, लाऊडस्पीकर, पेढे, आणि कडेवर सिंधु. सिंधुनं हिशेब केला. जिल्हा ब्याऐंशीच्या ऑगस्टात झाला. कडेवरचं मूल म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं. म्हणजे जन्म एक्याऐंशीचा. म्हणजे आता पस्तीस. पस्तीस म्हणजे दोनच सालांचा फरक! डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पस्तिशीपर्यंत फार नाही. चौथीत पाळी आली ती मग अकराव्या वर्षी आली, येते की कुणाकुणाला. ती त्या कडेला घट्ट धरून बसली. आईच्या तोंडून एकदा नीट ऐकू, मग कुणाला काही सांगायची गरजच राहायची नाही. आठवडा असाच गेला. मग आईला बरं नाही म्हणून सांगून तिनं निलंग्याची बस धरली. मन्मथ स्टँडवर सोडायला आला, खिडकीची जागा बघून दिली, पाण्याची बाटली हातात ठेवली आणि "हळू उतर" म्हणाला. औशाच्या किल्ल्यावरून बस वळली तेव्हा तिला एकदम वाटलं की इथंच उतरावं आणि परत जावं. दोन्ही बाजूंना रानं नुसती उघडी पडली होती.

शांतम्मा ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. समोर चिंचोक्यांचा ढीग, बोटं काळी झालेली. लेकीला बघून त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, ओट्यावर गोधडी अंथरली, पोटाकडं नुसतं बघितलं, हात लावला नाही, नजर लागते. सिंधुही चिंचा फोडायला बसली. सरळ विचारायचं तिला धैर्य होईना. इकडचं तिकडचं बोलून झालं, बोअर कधी आटलं, कुणाची गुरं छावणीला गेली. मग ती म्हणाली, "अव्वा, जिल्हा झाला तवा मी किती वर्साची व्हते?"

"कडेवर व्हतीस की."

"कडेवर म्हंजे किती? चालत व्हते का न्हाई?"

शांतम्मांचा दगड चिंचेवर तसाच राहिला. "आता कामून पायजे तुला?"

"डॉक्टरबाई विचारून राहिल्या. बाळासाठी लागतंय."

"बाळाला तुझ्या वयाचं काय करायचंय?"

मग सिंधुनं सांगितलं. तिला वाटलं होतं आईला हे कळणार नाही, एक गुणसूत्र जास्तीचं म्हणजे काय हे तिला स्वतःलाच कुठं कळलं होतं. म्हणून तिनं डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच सांगितलं, की एखादं मूल वेगळं असतं, मान उशिरा धरतं, चालत नाही लवकर, बोलत नाही, जीभ बाहेर राहते, डोळे जरा वरच्या बाजूला ओढल्यासारखे असतात. आणि आईचं वय जास्ती असलं की तसं व्हायची भीती जास्ती. बोलता बोलता तिचं लक्ष आईच्या हातांकडं गेलं. ते थांबले होते. शांतम्मा अंगणातल्या पांढऱ्या उन्हाकडं बघत होत्या.

"कडेवर तू नव्हतीस," त्या म्हणाल्या. "कडेवर केवळा व्हती."

केवळा. हे नाव सिंधुनं आयुष्यात दोनदा ऐकलं असेल. तुझ्या पाठीवरची एक गेली बाळपणीच, एवढंच. बाळपणीच जाणारी पोरं त्या काळी घरोघर होती, कुणी चौकशी करत नसे. "तुझ्या मागं दोन सालानं झाली. अडीच वर्साची घोडी झाली तरी कडेवरच. पाय टाकायची न्हाई. मान तर वरीसभर धरली नव्हती. तू म्हन्लीस तसेच डोळे. जिल्हा झाला त्या दिवशी सारी वाडी चावडीपुढं. तू माझा पदर धरून चालत व्हतीस, पेढ्यासाठी रडत व्हतीस, आन केवळा कडेवर. त्या लाऊडस्पीकरला ती इतकी हसली, इतकी हसली, साहेबानं बी वळून बघितलं." शांतम्मांच्या चेहऱ्यावर ते हसू क्षणभर उमटलं आणि सिंधुला ते बघवलं नाही. अडीच आणि दोन, साडेचार. ब्याऐंशीतून साडेचार गेले. हिशेब करायला बोटंसुद्धा लागली नाहीत. अडतीस. अडतीस संपून गेलेली. आणि त्या आकड्याबरोबरच कुठूनतरी, फार खालून, एक गुबगुबीत हात वर आला आणि त्यानं तिचे केस मुठीत धरले. कुणीतरी कानाशी ओलं ओलं हसत होतं. ही आठवण तिच्याजवळ कायमची होती. ती तिला शेजारच्या कुणाच्या तरी पोराची समजत आली होती.

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तुझं लगीन व्हायचं व्हतं. असली भयीण व्हती म्हन्लं असतं तर कुनी करून घेतली असती तुला?" शांतम्मांनी पदरानं बोटं पुसली, काळं काही निघालं नाही. "कडेवरची तूच, असंच म्हनत गेले. म्हनून म्हनून मलाच तसं दिसाया लागलं."

सिंधुनं विचारायला नको होतं ते विचारलं. कशानं गेली? शांतम्मा एकदमच बोलल्या, जणू कुणी दरडावून उत्तर मागितलंय. "जिल्हा झाल्यावर सालभरानं गोवर उठला. ताप उतरना. निलंग्याला जीप जायची व्हती त्या दिवशी, जागा बी व्हती. तुझे अप्पा म्हन्ले, नेऊन काय करायचं. वंगाळ मानूस नव्हता गं तो, रोज सांच्याला तिच्या तोंडात गूळ घालायचा. पर तसं म्हन्ला. आन मी बी गप बसले. मला बी वाटलं, सुटंल. दोन दिस राहिली मग. बांधावर हाय, लिंबाखाली." सिंधुला आईचा राग यायला हवा होता. तो आला नाही. पोट हातानं धरून ती तशीच बसून राहिली आणि तिला कळेना की आपण कुणापासून धरून बसलोय.

दुसऱ्या दिवशी ती लातूरला आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मांना आणि मन्मथला घेऊन दवाखान्यात गेली. घरी सांगायची तिची छाती झाली नाही. डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या आडोशानं सांगू, परक्या बाईपुढं हे दोघं आवाज चढवणार नाहीत, असा तिचा हिशेब. "डॉक्टरबाई, माझं वय अडतीस हाय. साडेअडतीस धरा बाळ होईल तवा. आन तुम्ही विचारलं होतं ना, घरात कुणाला तसं मूल झालं होतं का. माझ्या भयनीला होतं. भयीणच तशी होती." एका दमात बोलून ती टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. मन्मथ आधी हसला, त्याला वाटलं ही काहीतरी बडबडून राहिली. मग त्यानं बोटांवर मोजल्याचं तिला न बघता कळलं. कुणी आवाज चढवला नाही. पार्वतम्मा एवढंच म्हणाल्या, "अकरा वर्षं आमचं नशीब खोटं म्हणून रडत बसलो. आन वयच खोटं व्हतं."

डॉक्टरबाईंनी लॅबला फोन लावला. रक्त तेच, वजन तेच, तारखा त्याच; फक्त वयाचा आकडा बदलायचा. दहा मिनिटांत परत फोन आला. त्या दहा मिनिटांत केबिनमधला पंखा फिरत होता आणि तिघंही त्याच्याकडं बघत होते. डॉक्टरबाईंनी जुन्या कागदावरचा आकडा खोडला आणि शेजारी लिहिलं: १२२. एकशे बावीसात एक. हाय रिस्क. मन्मथ म्हणाला, "म्हंजे एकशे बावीस पोत्यांत..." डॉक्टरबाई समजावत राहिल्या. एकशे बावीसातली एकशे एकवीस बाळं चांगलीच असतात. बहिणीला होतं म्हणून बाळाला होईल असं नाही, बहुतेक वेळा ते तसं येत नाही. खात्री करायची तर पोटातून सुईनं पाणी काढून हैदराबादला पाठवायचं. सुईनं दोनशेत एखादीचं बाळ जातंही. पेशी वाढवून रिपोर्ट यायला तीन आठवडे. मग त्यांनी कॅलेंडरवर पेन ठेवला. "आज सतरा आठवडे चार दिवस. तारीख मिळेपर्यंत अठरा. अठरा आणि तीन एकवीस. गर्भपाताला कायदा वीस आठवड्यांचा आहे. वीसच्या पुढं मी काही करू शकत नाही, कुणीच नाही. त्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा सोळा आठवडे दोन दिवस होते." पुढची बेरीज सिंधुनंच केली: सोळा आणि तीन, एकोणीस. नऊ दिवस. त्यातले सात ती मोरीत बादलीपुढं बसली होती, एक बसमध्ये गेला आणि एक चिंचा फोडण्यात.

मन्मथ तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुला ठाऊक व्हतं तर त्याच दिवशी कामून न्हाई बोललीस?" तो चिडलेला नव्हता. खरोखरच विचारत होता. सिंधुला वाटलं, याला सांगावं की मला ठाऊक नव्हतं, मला फक्त भीती होती. पण ते दोन्ही वेगळं आहे हे तिचं तिलाच पटेना. वेळेत सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं? तपासणी, आणि मग वाईट निघालं तर? पाडलं असतं? अकरा वर्षांनी आलेलं? तिला उत्तर सापडेना आणि आता उत्तर शोधायचं कारणही राहिलं नव्हतं, याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. "सुई नको," ती म्हणाली. त्यात धाडस काही नव्हतं. नुसतं कळून घेण्यासाठी बाळाला टोचायचं आणि कळल्यावर हात बांधून बसायचं, यापेक्षा न कळता बसू. डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरी जाऊन विचार करा, उद्या सांगा. काळजाची सोनोग्राफी मात्र करू, ती चुकवू नका." तिघंही उठले. जुना कागद टेबलावरच राहिला होता. मन्मथ परत वळला आणि घडी करून त्यानं तो खिशात घातला.

बाहेर ऊन टळटळत होतं. मन्मथ रिक्षा बघायला चौकाकडं गेला. चांगला लांब गेला, दारातल्या दोन रिकाम्या रिक्षा सोडून. सासू-सुना मेडिकलच्या पत्र्याखालच्या सावलीत उभ्या राहिल्या. पार्वतम्मा तिच्यापासून दोन हात अंतर ठेवून होत्या. आता या आयुष्यात त्या माझ्याशी धड बोलणार नाहीत, सिंधुनं मनाशी धरलं, आणि बोलू नयेच त्यांनी. समोरून पाण्याचा टँकर गेला, त्याच्या नळातून रस्त्यावर बारीक धार सांडत होती, आणि पार्वतम्मा ती धार दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या.

"तुझी भयीण," त्या म्हणाल्या, "किती वर्साची होऊन गेली?"

"साडेतीन."

"कशानं?"

खोटं बोलायला काहीच हरकत नव्हती. गोवरानं, म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. "दवाखान्यात नेलं न्हाई," सिंधु म्हणाली. "नेऊन काय करायचं म्हन्ले. आमची अव्वा बी गप बसली."

पार्वतम्मांनी डोक्यावरचा पदर नीट केला, घाम पुसला, चौकाकडं बघितलं. मन्मथचा पत्ता नव्हता. मग त्या दोन हातांचं अंतर सोडून तिच्या बाजूला आल्या आणि तिच्या हातातली फाईल त्यांनी आपल्या काखेत घेतली.

"आपून नेऊ," त्या म्हणाल्या.

कुठं, ते सिंधुनं विचारलं नाही. कुठं न्यायचं असतं ते पार्वतम्मांनाही ठाऊक नव्हतं.